उंबऱ्यागणिक वाटा

सरकार म्हणजे काय, असं गोंडखेडीच्या अनसाबाईला कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, खादाड. धनगराच्या घरात जन्मली, धनगराच्याच घरात दिली, आणि दोन्हीकडं तिनं एकच पाहिलं. महसुलाचा गिरदावर आला, मेंढरू गेलं. पोलिसांचा अमीनसाहेब आला, मेंढरू गेलं आणि वर बसायला नवं घोंगडं. धनगराचं घोंगडं सोवळ्यात चालतं, ते साहेबाखाली अंथरलं की गावाचा मान राहतो, असं गावची वसुली बघणारा माळीपाटील श्रीपतराव सांगायचा. मान गावाचा, घोंगडं अनसाबाईचं आणि बूड निजामाचं. साहेब उठून गेल्यावर ते घोंगडं परत आलंय असं एकदाही झालं नाही.

निजामाचं राज्य पडलं त्या साली तर रझाकार दोन वेळा येऊन राहिले. आले म्हणजे बंदुका घेऊन आले, आणि गावातल्या तरण्या पोरी ज्वारीच्या रानात लपून बसल्या. श्रीपतराव मात्र लपला नाही. त्यानं त्यांना चावडीत उतरवून घेतलं, अनसाबाईच्या मेंढवाड्यातली मेंढरं कापून घातली, आणि पाहुण्यांना खाली निजायची सवय नाही म्हणून दस्तगीर पिंजाऱ्याला बोलावणं धाडलं. दस्तगीर म्हणजे काड्यांचा सांगाडा. जन्मभर कापूस पिंजून छाती भरलेली, दोन शब्द बोलला की चार वेळा खोकायचा. त्यानं हात जोडले, पाटील, माझ्यानं आता पिंजायची कमान उचलत न्हाई. श्रीपतराव म्हणाला, तू भरतूस का मी त्यांना तुझ्याकडं धाडू? मग दस्तगीर आणि त्याची बायको लाडलेबी यांनी चावडीच्या ओसरीत बसून निळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या गाद्या भरल्या. मजुरी कुणी दिली नाही, त्यानं मागितली नाही. रझाकार गेले आणि गाद्या श्रीपतरावाच्या माडीवर गेल्या.

लाडलेबीचं घर अनसाबाईच्या मेंढवाड्याला लागून. एकीच्या हातात लोकर, एकीच्या हातात कापूस, त्यामुळं दोघींचं आयुष्य एकमेकींच्या दारात बसण्यातच गेलं. अनसाबाई तिसऱ्या बाळंतपणात अडली तेव्हा लाडलेबीनं तिला मांडीवर टेकवून धरलं होतं, आणि लाडलेबीची लेक हुमनाबादला सासरी निघाली तेव्हा अनसाबाई तिच्या आईपेक्षा जास्त रडली होती. जात वेगळी, देव वेगळा, चूल वेगळी, ते सगळं होतंच. पण लाडलेबी तिला अनसक्का म्हणायची, आणि एखादी हाक आयुष्यभर ऐकली की ती रक्तात जाते.

आता गोंडखेडीच्या वाट्यांची रीत सांगितली पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आषाढात लक्ष्मीआईची जत्रा झाली की देवीपुढं कापलेल्या मेंढरांचे देवळाच्या पटांगणात पळसाच्या पानांवर वाटे घालतात. उंबऱ्यागणिक एक वाटा. पाटील असो की विधवा, सगळ्यांचा ढीग सारखा. वाटे घालण्याचं काम धोंडप्पाकडं. त्याचा बाप तेच करायचा, आजाही तेच. ढीग झाले की प्रत्येक घर आपली खूण धोंडप्पाच्या धोतराच्या ओच्यात टाकतं. रेवणप्पा दुकानदाराची सुपारी, पाटलाचं विड्याचं पान, अनसाबाईच्या घरचा लोकरीचा पुंजका, दस्तगीरच्या घरचा कापसाचा बोळा. धोंडप्पा डोळे मिटून ओच्यातून एकेक खूण काढतो आणि एकेका ढिगावर ठेवतो. ज्याची खूण, त्याचा तो ढीग. हाड आलं तर हाड, काळीज आलं तर काळीज. वाटा नाकारायचा नाही. नाकारणारं घर गावातून उठलंच म्हणून समजा, त्याला कुणी विस्तव देत नाही की विहिरीवर येऊ देत नाही.

भादव्यात मन्नाएखेळ्ळीच्या सडकेनं हिंदुस्थानचे रणगाडे हैदराबादेकडं गेले. गावातली बरीच माणसं ते बघायला पावसात जाऊन आली आणि आल्यावर आवाज चढवून बोलायला लागली. चावडीवर निजामाचा एक जवान असायचा. त्यानं अंगातली वर्दी काढून खुंटीला टांगली, पट्टा त्यावर अडकवला, बूट खाली नीट जोडीनं ठेवले, रेवणप्पाकडून एक जुनं धोतर मागून घेतलं आणि तुरीच्या रानातून निघून गेला. पिढ्यान्‌पिढ्यांचं राज्य आणि मागं राहिलं ते एवढं.

पहिल्या दिवशी त्या वर्दीला कुणी हात लावला नाही. माणसं चावडीसमोरून जाताना खुंटीकडं बघायची आणि सवयीनं मान खाली घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा नव्हता. दुपारी बूट गेले. तोफांनी राज्य पाडलं असं पुढं पोरांना शाळेत शिकवायला लागले ते खरंच असेल, पण गोंडखेडीत राज्य पडलं ते बूट चोरीला गेले तेव्हा. विचारायला कुणी नाही हे गावाला कळलं, आणि गावाच्या पोटात जे काय इतके दिवस दाबून ठेवलेलं होतं ते तोंडातून बाहेर यायला लागलं.

ते कुणावर पडणार हे अनसाबाईला संध्याकाळपर्यंत उमगलं नाही, हा तिचा भोळेपणा. ती समजत होती की लोक श्रीपतरावाच्या दारात जातील. ज्यानं रझाकारांना मेंढरं खाऊ घातली, ज्यानं सरकारी धान्याच्या नावावर लोकांच्या कणग्या झाडून नेल्या, त्याच्याच दारात जायला नको? पण श्रीपतरावाचं दार सागवानी, आतून अडसर, आणि माडीवर बंदूक. दस्तगीरचं दार फळकुटाचं होतं. आणि कोण कुठून बोललं कळलं नाही, पण दिवेलागणीला सगळ्या गावाच्या तोंडी एकच वाक्य होतं, पिंजाऱ्यानं रझाकाराच्या गाद्या भरल्या.

बाहेरून माणसं आली होती, असं गाव पुढं शपथेवर सांगायला लागलं. अनसाबाईनं मेंढवाड्याच्या काट्यांच्या फटीतून ती बाहेरची माणसं पाहिली. त्यातल्या एकाच्या लग्नाची गादी दस्तगीरनं भरलेली होती. एकाची आई आजारी असताना लाडलेबी तिला उकाळा करून द्यायची. कुऱ्हाड घेऊन पुढं असलेला तर रोज सकाळी दस्तगीरच्या चुलीवरून विडी पेटवून न्यायचा. दस्तगीर मागच्या दारानं ज्वारीत पळाला. पळताना खोकला. खोकला नसता तर कदाचित सापडला नसता. बांधावर त्याला गाठलं, आणि अनसाबाईनं डोळे मिटून घेतले तरी कान मिटता येत नाहीत.

लाडलेबी कशी आली, कुठून आली, ते अनसाबाईला नीट आठवत नव्हतं. मेंढवाड्याच्या कोपऱ्यात कातरलेल्या लोकरीचा ढीग होता. त्यात ती जाऊन बसली होती. रडत नव्हती. तोंडात लुगड्याचा पदर कोंबून घेतला होता.

अनसाबाईचा नवरा सिद्धाप्पा मनानं वाईट नव्हता, फक्त भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला रागावणं सोपं जातं. तो बायकोवर कुजबुजत ओरडला, "कामून ठेवलीस तिला? कळलं तर आपल्यालाबी कापतील!"

"मग कुठं धाडू? वाटा अडवून बसलेत सगळे."

"कुठंबी धाड. आपलं काय हाय त्यात?"

"तिसऱ्या खेपंला मी अडले तवा तुमी मेंढराकडं होता," अनसाबाई म्हणाली. "ती होती. आता बोलू नका."

तो बाहेर जाऊन मेंढरांमध्ये बसला. ठरलं ते एवढंच, की मन्नाएखेळ्ळीला हिंदुस्थानच्या फौजेचा तळ पडलाय, ती फौज गावात येईपर्यंत लाडलेबीला जिवंत ठेवायचं. फौज आली की फौजेच्या हवाली. तोवर ती लोकरीत, आणि अनसाबाईचं तोंड बंद.

दोन दिवस गाव नुसतं वास मारत होतं. दस्तगीरचं घर लुटून पेटवलं होतं, त्या जळक्या छपराचा वास होता, बांधावरून यायचा तो वास होता, आणि त्यात माणसं एकमेकांकडं बघून हसत होती. घराघरात लुटीवरून भांडणं लागली. एकाला हंडा मिळाला, दुसऱ्याला नुसता तवा. ज्यांना काहीच मिळालं नाही ते म्हणायला लागले, येऊ द्या फौज, सांगतो सगळं. हे श्रीपतरावाच्या कानावर गेलं, आणि इतके दिवस अडसर लावून बसलेला हा माणूस अडसर काढून बाहेर आला. राज्य पडलं तरी पाटील पडत नाही, तो कूस बदलतो आणि पुन्हा घोरायला लागतो. त्यानं भर दिवसा, पाऊस उघडल्यावर, लक्ष्मीआईच्या पटांगणात गाव गोळा केलं. लुटीचं सगळं सामान आणायला लावलं, आणि देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगितलं.

"आता दिल्लीचं सरकार येनार. चौकशी करनार. सामान चार घरांत सापडलं तर चार घरं बांधून नेतील. पन सगळ्याच घरांत असलं तर? कुनाकुनाला नेतील? गाव करील ते राव काय करील! तवा आईच्या रीतीनं वाटे घाला. उंबऱ्यागणिक. घ्यायचं न्हाई असं कुनी म्हनायचं न्हाई. जो म्हनल त्याच्या पोटात काय हाय ते बघावं लागल."

शेवटचं वाक्य बोलताना तो अनसाबाईकडं बघत होता की सगळ्यांकडं, हे तिला कळलं नाही. ती आली होती कारण सिद्धाप्पाला हुडहुडी भरली होती, आणि ज्या घरातून कुणी आलं नसतं त्या घराची झडती झाली असती. ओच्यात टाकायला तिनं लोकरीचा पुंजका आणला होता. लाडलेबी बसली होती त्याच ढिगातून तो काढलेला.

धोंडप्पानं वाटे घातले. मेंढराचे घालावे तसेच. माणूस किती निबर असतो हे तिला त्या दिवशी समजलं. दाराची एक फळी इकडं, दुसरी तिकडं. वासे तोडून सारखे केलेले. तवा, उखळ, पाटा एका ढिगावर तर वरवंटा दुसऱ्यावर. भरल्या घराची हाडं वेगळी आणि मांस वेगळं करून मांडलेलं. एका बाईनं लाडलेबीच्या चोळ्या नीट घड्या करून ठेवल्या, जणू उद्या तिला परत द्यायच्या होत्या. अनसाबाईनं पदर नाकाला लावला तशी शेजारची अक्कम्मा म्हणाली, "काय गं, वास यायलाय व्हय? मला तर कसला बी न्हाई यायला."

खुणा पडायला लागल्या. सुपारी पडली, विड्याचं पान पडलं, लोकरीचा पुंजका पडला. अनसाबाईच्या ढिगात एक तांब्या होता आणि एक लाल रजई. ती रजई दस्तगीरनं लेकीच्या बाळंतपणासाठी भरली होती. सुई लाडलेबीची. टाक्यांच्या शेवटच्या दोन रांगा राहिल्या होत्या, धागा तसाच लोंबत होता.

"नशीब काढलंस की," अक्कम्मा म्हणाली. "नवी हाय. अंगाव घेतल्याली न्हाई."

तेवढ्यात धोंडप्पा थांबला. त्यानं ओचा चाचपला, झाडला, पुन्हा चाचपला. ओचा रिकामा होता, आणि एका ढिगावर खूण नव्हती. त्या ढिगात पिंजण्याची कमान होती, तिचा ठोकळा होता आणि एक तांब्याचा हंडा.

"कुनाची तरी ऱ्हायली," धोंडप्पा म्हणाला. मग बोटांवर मोजायला लागला. "न्हाई, समदे आलेत. उंबरे तर नेहमीएवढेच धरले की मी, वरल्या आळीचे, मधल्या आळीचे, आन मेंढवाड्याच्या बाजूचे..." आणि तिथं त्याचं बोट अडलं.

त्याच्या हातानं सवयीनं पिंजाऱ्याचाही वाटा घातला होता. ज्या घराचे तुकडे पाडले त्याच घराचा त्यातला एक वाटा. धोंडप्पाचं तोंड पांढरं पडलं, आणि त्या क्षणी सगळं गाव उठून पळालं असतं तर अनसाबाईला बरं वाटलं असतं. कुणी हललं नाही. श्रीपतराव पायरी उतरून आला, हंडा बोटानं वाजवून बघितला.

"ह्यो देवीचा वाटा," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या माझ्याकडं."

आणि लोकांनी श्वास सोडला. तो सुटलेला श्वास अनसाबाईनं ऐकला. कुऱ्हाडीपेक्षा तिला त्याची किळस आली.

तिनं रजई आणि तांब्या उचलला. थुंकून तिथंच टाकावं असं तिला फार वाटलं. पण टाकला असता तर पाटलाची माणसं तिच्या घरी आली असती आणि लोकरीच्या ढिगात त्यांना लाडलेबी सापडली असती. तेव्हा तिनं ते डोक्यावर घेतलं आणि सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखीच, घरी निघाली. वाटेत अक्कम्मा तिच्याशी बोलत होती आणि तीही व्हय व्हय म्हणत होती.

मेंढवाड्यात जाऊन तिनं रजई खाली ठेवली. लाडलेबीनं बघितलं आणि खूप वेळ नुसता त्या लोंबत्या धाग्यावरून अंगठा फिरवला.

"वाटे घातले?" तिनं विचारलं.

"घातले."

"उंबऱ्यागणिक?"

"व्हय."

"मग आमचा?"

अनसाबाईला खोटं बोलता आलं असतं. तिनं सांगितलं. धोंडप्पाचा हात कसा चुकला, ढीग कसा उरला आणि पाटलानं तो कसा नेला.

लाडलेबी म्हणाली, "चुकला न्हाई अनसक्का. हिसाब खरा हाय त्याचा. फकत खूण टाकायला कोन नव्हतं." मग तिनं रजईच्या उसवत्या कडेतून कापूस ओढून काढला, बोटांनी त्याचा बोळा केला, अगदी जत्रेला करायची तसा, आणि मुठीत धरला. त्यानंतर ती मूठ तिनं भाकरी खातानाही उघडली नाही.

फौज आली ती एक जीप आणि एक लॉरी. अफसर तरणा होता, उन्हानं रापलेला, डोळ्यांखाली काळं. आदल्या दिवसापासून तो गावागावातून हिंडत होता. चावडीच्या पायरीशी त्यानं आपले चिखलानं भरलेले बूट आपटले, आणि गावानं पुन्हा मान खाली घातली. किती लवकर घातली! चार दिवस ताठ झालेल्या त्या माना कुठं मोडतात हे बघण्यासारखं होतं. श्रीपतरावानं झेंडूचा हार घातला. निजामाच्या वेळची टोपीसुद्धा बदलली नव्हती त्यानं, त्याला गरजच पडली नाही. सकाळीच त्याचा माणूस मेंढवाड्याशी येऊन सिद्धाप्पाकडून मेंढरू घेऊन गेला होता, आणि जाताना सांगून गेला होता, घोंगडं मागनं आन.

घोंगडं खांद्यावर टाकून अनसाबाई चावडीपाशी आली. मागून लाडलेबी, आणि तिच्या मागून, कुणी सांगितलं नसताना, हुडहुडी भरलेला सिद्धाप्पा. रजई आणि तांब्या त्याच्या हातात होता. लोकांनी लाडलेबीला पाहिलं आणि वाट दिली. आता फौजेसमोर कुऱ्हाड कोण काढणार?

आत अफसर विचारत होता, वो जला हुआ घर किसका है? श्रीपतराव सांगत होता की बाहेरून लोक आले, त्या घरचे आधीच पळून गेले, गावानं विझवायचा फार प्रयत्न केला. रेवणप्पा मान हलवत होता. धोंडप्पा जमिनीकडं बघत होता. बाहेर चुलवणावर मटण रटरटत होतं.

अनसाबाईनं मग ते पाहिलं. तिच्या घोंगड्याची वाट न बघता पाटलानं तोवर अफसराच्या बैठकीला माडीवरून गादी आणून टाकली होती. निळ्या पट्ट्यांची. रझाकारांची. दस्तगीरनं खोकत खोकत भरलेली. ती भरली म्हणून त्याचा जीव घेतला, आणि नवं सरकार तिच्यावरच मांडी ठोकून बसलं होतं.

लाडलेबीनंही पाहिलं. ती पुढं गेली. शिपायानं तिला अडवायच्या आत ती वाकली आणि मुठीतला कापसाचा बोळा तिनं गादीवर, अफसराच्या गुडघ्याशी ठेवला. मग मागं येऊन उभी राहिली.

अफसराला काही कळलं नाही. गावाला कळलं. धोंडप्पानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"क्या है ये?" अफसरानं विचारलं.

उत्तर अनसाबाईनंच दिलं. मराठी त्याला कळणार नव्हती, म्हणून चावडीत जन्मभर ऐकलेल्या दखनीत बोलली. पडलेल्या सरकारची भाषा, नव्या सरकारला कळेल अशी तेवढीच तिच्याकडं होती.

"साब, तुम जिस गादी पो बैठे, वो इसका मरद भरा. पाटील भरने लगाया. भरा बोलके उसकू मार डाले."

"किसने मारा?"

अनसाबाईनं वळून गावाकडं बघितलं. रोज विडी पेटवून नेणारा तिथंच होता, दारात टेकून. तिनं त्याचं नाव घेतलं. आणि पुढं म्हणाली, "पन एक नै, साब. घर तोडके वाटे डाले. घर घर कू गया वाटा. मेरे घर कू बी आया. ये देखो." सिद्धाप्पानं रजई आणि तांब्या अफसरासमोर ठेवला. "बाकी इनकू पूछो."

अफसर बघत राहिला, रजईकडं, मग गादीकडं. आणि उठून उभा राहिला. एका क्षणापुरतं अनसाबाईला वाटलं की आता होतंय. आता सरकार येतंय. बूट एवढे मोठे आहेत, कुणाला तरी लाथ बसेलच.

अफसरानं विडीवाल्याचं नाव हवालदाराला सांगितलं. पाटलाला म्हणाला, इसका सामान वापस होना चाहिए. श्रीपतराव हात जोडून म्हणाला, जी साब, आजच. मग अफसरानं कपाळ चोळलं, बाहेरच्या चुलवणाकडं बघितलं, घड्याळ बघितलं. अजून किती गावं राहिली होती कोण जाणे. त्याचा पाय त्या गादीवर पुन्हा पडेना. हवालदाराच्या ते लक्षात आलं. तो श्रीपतरावाला म्हणाला, "साहब के लिए दूसरा कुछ बिछाओ."

एवढंच. राज्य बदललं, गादी बदलली.

श्रीपतराव लगबगीनं अनसाबाईकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं काम होतं. "अनसाबाई, घोंगडं टाक की गं. साहेब उभे हायेत."

अनसाबाईनं खांद्यावरचं घोंगडं काढलं. काळं, नवं, ह्या दसऱ्यासाठी विणलेलं. झटकलं, उलगडलं आणि लाडलेबीच्या डोक्यावरून खाली पायापर्यंत पांघरलं. वर रजई तिच्या काखेत दिली, तांब्या हातात दिला.

"अनसाबाई!" श्रीपतराव ओरडला.

"उभं ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. "पाय मोडलेत व्हय त्यांचे?"

अफसरानं ते ऐकलं असेल, कळलं नसेल. तो उभ्या उभ्याच जेवला असं लोक सांगतात, पण जेवला. लाडलेबीला त्यानं लॉरीत बसवून मन्नाएखेळ्ळीच्या तळावर नेलं, तेवढं मात्र केलं, आणि तिथून ती हुमनाबादला लेकीकडं पोचली. विडीवाला पंधरवड्यानं सुटून आला. साक्षीला कोण जाणार, प्रत्येकाच्या घरात दस्तगीरच्या दाराची नाहीतर छपराची काहीतरी खूण होतीच. पुढं श्रीपतराव शांतता कमिटीचा मुख्य झाला. कमान त्याच्या माडीवर उंदरांनी कुरतडली.

गावानं अनसाबाईला वाळीत टाकलं नाही. टाकायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण मोठ्यानं बोलायची कुणाची छाती नव्हती. अक्कम्मा तिच्याशी बोलायची, नेहमीसारखंच, मेंढरांचं, पावसाचं.

मग आषाढ आला. लक्ष्मीआईपुढं मेंढरं कापली गेली आणि धोंडप्पा वाटे घालायला बसला. ह्या खेपेला त्यानं पाटलाला आधी विचारून घेतलं होतं. पिंजाऱ्याचा उंबरा सोडायचा, एक वाटा कमी. बोटावर दोनदा मोजून त्यानं ढीग घातले. सिद्धाप्पा पटांगणाला निघताना बायकोपाशी आला.

"लोकर दे की. खूण टाकायची."

अनसाबाई दारात बसून सूत काढत होती. चाती फिरत होती, ती तिनं थांबवली नाही. "न्हाई," ती म्हणाली.

"अगं, गावात ऱ्हायाचं हाय."

"ऱ्हा की. मी कुठं नको म्हनले? खूण न्हाई द्यायची."

सिद्धाप्पा पटांगणाकडं न जाता तिच्या शेजारी येऊन बसला. पटांगण तिथून दिसत होतं. खुणा पडत गेल्या, सुपारी, पान, एकेक. शेवटी धोंडप्पा थांबला. त्यानं ओचा चाचपला. झाडला. समोर एक ढीग तसाच होता आणि त्याच्यावर माश्या बसायला लागल्या होत्या.